बाजाराला गेलेल्यांचा बांध

करंजपेठेच्या तळ्याचा बांध लांबून पाहिला तर चार गावच्या बांधांसारखाच दिसतो. जवळ गेलं की मात्र डोळे चक्रावतात. काळ्या फत्तराशेजारी तांबडा जांभा, त्याला खेटून नदीतला गुळगुळीत गोटा, मग शहाबादी फरशीचा तुकडा, मग सिमेंटचा ठोकळा आणि त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं 'पिंपरी'. एका दगडावर 'सुरत', एकावर 'चाकण', एकावर नुसतंच 'भिवंडी, खोली नंबर ४'. बाराशे हात लांबीचा हा बांध. त्यात एकही हात असा नाही, जिथले सगळे दगड एकाच मुलखातून आले आहेत.

पाहुणे आले की पारूबाई भोई त्यांना आधी वर चढवते. तिचं वय बासष्ट, पण पाहुण्यांनाच धाप लागते.

"खालून काय कळणार? वर या. ही काळपट ओळ बघा, ही मुंबईच्या गिरण्यांची. केवढी जाड आहे! आणि इथं तुटली, कारण गिरण्याच राहिल्या नाहीत. ही सोलापूरची, बारीक बारीक होत गेलेली. ही पुण्याची, हिला आता आवरच नाही. नाशिकची मध्येच लागली, पण जोरात लागली. कुठलं शहर फुगलं आणि कुठलं ओसरलं, हे बघायला मला पेपर लागत नाही."

मग ती पाहुण्यांना बांधाच्या मधोमध घेऊन जाते. तिथं पायाखाली जांभ्याचा लालभडक गोल आहे, एक माणूस उभा राहील एवढाच. त्याला 'सगुणेचा हात' म्हणतात. तो गोल असा का, हे सांगताना पारूबाईचा आवाज चढतो. जणू सगळं परवाच घडलंय आणि ती स्वतः तिथं हजर होती!

असं सांगतात, की एके काळी करंजपेठ ही या भागातली सगळ्यात भरलेली पेठ होती. कोष्ट्यांचे माग पहाटेपासून खडखडायचे, रंगाऱ्यांच्या हौदांमुळे ओढ्याचं पाणी निळं व्हायचं आणि घाट उतरून येणारे लमाणांचे तांडे इथंच मुक्कामाला थांबायचे. पाणी मात्र एकच, हे तळं. म्हणून गावानं बांधाची वाटणी केली. माणशी एक हात. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं जुनं माप. पोर बारा वर्षांचं झालं की त्याला बांधावर एक हात जागा मिळायची, आणि होळीनंतर तिथं बारा पाट्या माती आणि एक दगड घालायचा, हे त्याचं मरेपर्यंतचं काम. माणूस गेला की त्याचा हात दुसऱ्याला. बाराशे माणसं, बाराशे हात. तळं कधी आटलं नाही आणि बांध कधी हलला नाही.

मग तिकडे डोंगरावर उदयगड वसला. नवा किल्ला, नवी फौज, नवा दरबार. फौजेला तंबू हवेत, दरबाराला शेले हवेत. तांड्यांची वाटही तिकडे वळली. करंजपेठेतून आधी दोन कोष्टी गेले, मग त्यांचे मेहुणे, मग रंगारी, मग कासार. तीन मुक्कामांची वाट, पण जाणारा परत येईना. उदयगड दिवसागणिक वाढत होता आणि करंजपेठेत एकेका आळीतले माग गप्प होत होते.

हे सगळ्यांना दिसत होतं. फक्त चावडीवरच्या पाच म्हाताऱ्यांना दिसत नव्हतं.

खरं तर त्यांना ते बघायचंच नव्हतं. माणसं मोजली की देवी त्यातला दहावा उचलते, अशी त्यांची समजूत होती, म्हणून गावात शिरगणतीला बंदी. आणि कोणी गेला तर 'गेला' म्हणायचं नाही, 'बाजाराला गेलाय' म्हणायचं. अशुभ बोलायचं नाही ना! पाचांतले थोरले बापूजी महाजन तर म्हणायचे, "गाव होतं तेवढंच आहे. थोडे जण बाजाराला गेलेत, येतील."

आठ-आठ, नऊ-नऊ वर्षं झाली, तरी ते बाजारातच!

आणि म्हणून त्यांच्या वाटणीच्या हातांना कोणी शिवायचं नाही. माणूस मेला तरच त्याचा हात दुसऱ्याला जातो, मग जिवंत माणसाच्या हातावर माती टाकणं म्हणजे त्याला मेला म्हणणं. बाजाराला गेलेल्यांचे हात तसेच पडून राहिले. दर पावसाळ्यात थोडे थोडे झिजत, थोडे थोडे खचत.

विठोजी कोष्टी हा त्या पाचांतला एक. सगुणा ही त्याची सून, बावीस वर्षांची, अजून मूल नसलेली, जिभेची तिखट. तिचा नवरा म्हादू तीन वर्षांपूर्वी 'बाजाराला' गेला होता. तिच्या हाताशेजारीच त्याचा हात होता. पहिल्या वर्षी तिनं स्वतःच्या बारा पाट्या टाकल्या आणि तेराव्या पाटीला त्याच्या हाताकडे वळली, तर सासरा वरून ओरडला, "सूनबाई, त्याला जिवंतपणी पुरतेस काय?"

"मामंजी, पाणी विचारत नाही, कोण जिवंत आणि कोण बाजारात."

"तोंड आवर."

तिनं तोंड आवरलं. पण पाटी तिथंच आपटली आणि तरातरा घरी गेली, असं सांगतात.

म्हादू जाऊन तीन वर्षं झाली, त्या चैत्रात बांध पाझरू लागला. आधी एका जागी, मग तीन जागी, मग मोजता येईनात इतक्या जागी. पाच म्हातारे जमले, देवऋषाला बोलावणं गेलं. त्यानं तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि सांगितलं की तळं जीव मागतंय. लेकुरवाळी नसलेली सवाष्ण बांधात उभी गाडा, वैशाखी पुनवेला, मृगाच्या आत.

अशा सवाष्णी गावात दोनच होत्या. एक बापूजी महाजनांची पुतणी आणि दुसरी सगुणा. कोणाचं नाव निघालं, हे वेगळं सांगायला नको. विठोजी मान खाली घालून बसला. 'नको' एवढा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

सगुणा तेव्हा मागावर बसली होती, म्हणे. निरोप ऐकला आणि तिच्या हातातला धोटा थांबला. मग तिनं उरलेली दोन बोटं कापड पुरं केलं, उठली, पदर खोचला आणि थेट चावडीवर गेली. बाई चावडीची पायरी चढली हेच मुळात गावानं पहिल्यांदा पाहिलं.

"मला गाडणार आहात?" ती म्हणाली. "ठीक. ज्याचा बळी जातो त्याची एक इच्छा मोडत नाहीत. आहे ना तशी रीत?"

बापूजींनी मान हलवली. रीत होती. तिला नाही म्हणता येत नव्हतं.

"मग उद्या सकाळी सगळं गाव बांधावर उभं करा. प्रत्येकानं आपापल्या हातावर. मला जायच्या आधी सगळ्यांना एकदा डोळे भरून बघायचंय."

म्हाताऱ्यांना हायसं वाटलं. त्यांना वाटलं होतं, दागिना मागेल, नाहीतर माहेर मागेल. हे तर फुकटातलं. किती साधी पोर, असंही त्यांच्यातला एक जण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कोवळी असतानाच गाव बांधावर चढलं. प्रत्येकाला आपला हात पाठ होता. कोष्टी कोष्ट्यांच्या जागी, माळी माळ्यांच्या, कुंभार कुंभारांच्या. सगुणा खाली उभी होती. सगळे जागेवर गेले, गलका थांबला आणि तिनं हाक दिली, "आता हलू नका! शेजारी बघा!"

गावानं शेजारी बघितलं.

एक माणूस, मग दहा हात रिकामे. दोन माणसं, मग पंचवीस हात नुसती हवा. रंगाऱ्यांच्या अख्ख्या पट्ट्यात एक म्हातारी काठी टेकून उभी, तिच्या डावीकडे कोणी नाही, उजवीकडे कोणी नाही. वर्षानुवर्षं एकेकट्यानं येऊन आपल्यापुरती माती टाकून गेलेल्या त्या माणसांनी पहिल्यांदाच आपलं गाव एका रांगेत पाहिलं. तोंड उघडं पडलेल्या म्हाताऱ्यागत दिसत होतं. पुढं दोन दात, मागं एक.

कोणी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती!

सगुणा धावत सुटली. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक पाझरापाशी थांबत आणि वर बोट दाखवत. "हा पाझर! वर कोण आहे? कोणी नाही! हा दुसरा! वर कोण? दामू रंगारी, तो कुठंय?"

"बाजाराला गेलाय," कोणीतरी सवयीनं बोललं.

"नऊ वर्षं? भाजी कसली आणतोय तो?"

बांधावर कोणीतरी फिसकन हसलं. हसणारी दामूची बायको होती, आणि हसता हसता ती मटकन खाली बसून रडू लागली. मग बांधभर एकेक जण बोलू लागला. माझे दोघं गेले. माझा भाऊ गेला. आमची आख्खी आळी गेली. इतक्या वर्षांत न उच्चारलेला तो शब्द वाऱ्यासारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. गेला, गेली, गेले.

बापूजी महाजन बांधाच्या मधोमध उभे होते. त्यांच्या उजव्या अंगाला चार हात मोकळे होते. चार मुलगे. चौघंही बाजाराला.

सगुणा त्यांच्या पायाशी येऊन थांबली. तिला धाप लागली होती. "बापूजी, मला कुठं गाडायचं ठरलंय?"

म्हाताऱ्यानं शेजारच्या कोष्ट्यांच्या पट्ट्याकडे बोट केलं.

"बरं. मला गाडलंत तर एक खड्डा भरेल. आणि पुढच्या होळीला माझ्या हातावर माती कोण टाकणार? म्हणजे अजून एक हात रिकामा. मग पुढच्या वर्षी दुसरी कोण? तळ्याला काय कमी पडलंय, हे तुम्हाला इथून दिसत नाही का अजून?"

"शास्त्र आहे, पोरी," बापूजी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. ते मोकळ्या चार हातांकडे बघत होते.

"शास्त्राला पुनवेपर्यंत थांबायला सांगा. मी उदयगडाला जाते. ज्यांचे हात आहेत त्यांना घेऊन येते. नाही आणलं तर खणून ठेवा खड्डा, मी आपल्या पायांनी उतरेन."

देवऋषी फुसफुसला, "ही पळून जाईल. बाजाराला."

तेवढ्यात सगुणेची सासू भिकाई आपल्या हातावरून उतरली. ही बाई नवऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोललेली गावाला आठवत नव्हती. ती चालत आली आणि सगुणेच्या हातावर जाऊन उभी राहिली.

"ती येईपर्यंत हिच्या जागी मी. नाही आली तर मला गाडा," ती म्हणाली. मग विठोजीकडे वळून म्हणाली, "तुम्हाला दोघींपैकी कोणीही चालेलच."

विठोजीची मान जी खाली गेली, ती म्हणे पुनवेपर्यंत वर आली नाही.

सगुणा त्याच दुपारी निघाली. कमरेला भाकरी, डोक्यावर ऊन. तीन मुक्कामांची वाट तिनं दोन मुक्कामांत तोडली. घाटमाथ्यावर माती लाल होत गेली, आणि वळण संपल्यावर समोर उदयगड! तिनं आयुष्यात एवढी माणसं पाहिली नव्हती. घरांवर घरं, गल्लीला गल्ली, टांकसाळीची ठोकठोक, हत्तींच्या घंटा, विहिरीवर घागरींची ही लांब रांग. छाती दडपली, आणि खरं सांगायचं तर आवडलंही. इथं कोणी कोणाला तोंड आवर म्हणत नव्हतं. कोणाला तेवढा वेळच नव्हता.

करंजपेठ आळी विचारत विचारत ती पोचली तेव्हा म्हादू मागावर होता. तो उभा राहिला, दचकला, हसला, मग त्याची नजर तिच्या पायांवर गेली. पायांना फोड आले होते.

"तू इथं? घरी सगळं ठीक?"

"मला बांधात गाडतायत. पुनवेला. मी नाही पोचले तर तुमच्या आईला."

त्यानं धोटा खाली ठेवला. तिनं सगळं सांगितलं, आणि ऐकायला दारात आळी जमली. दामू रंगारी होता, बापूजींचे चारही मुलगे होते. सगळं ऐकून झाल्यावर बापूजींचा थोरला मुलगा म्हणाला, "वहिनी, वाईट वाटतं. पण परत येऊन काय करू? तिथं माग चालत नाहीत. इथं पोरांना दोन वेळा मिळतंय."

"परत या कोण म्हणालं?" सगुणा कडाडली. "शहराला माणसं लागतात, दिसतंय मला. राहा इथं, वाढा इथं! तिकडे येऊन उपाशी मरा असं मी म्हणत नाही. मला फक्त एक दिवस हवाय. वर्षातला एक. आपल्या हातावर उभं राहायचं, माती टाकायची आणि परत फिरायचं. एवढं जमत नसेल तर तसं सांगा, मी जाऊन तुमच्या आयांना सांगते की ते खरंच मेले, त्यांचे हात वाटून टाका."

 मग दामू रंगारी उठला. त्याच्या घराच्या उंबऱ्याशी जांभ्याची पायरी होती. त्यानं पहार घातली आणि पायरीचा एक तुकडा उचकटला.

"तिथं जाऊन दगड शोधायला वेळ मिळणार नाही," तो म्हणाला. "हा चालेल ना?"

वैशाखी पुनवेच्या सकाळी करंजपेठेत बांधावर खड्डा खणून तयार होता. एक माणूस उभा राहील एवढा गोल. भिकाई त्याच्या काठावर पहाटेपासून उभी होती, पाणीसुद्धा न पिता. उन्हं चढली. देवऋषानं हळद उगाळली. गाव बांधावर आलं आणि या वेळी कोणी न सांगता आपापल्या हातावर उभं राहिलं. सूर्य डोक्यावर आला की विधी, असं ठरलं होतं. सावल्या पायाशी गोळा होऊ लागल्या.

"आता उतर," देवऋषी भिकाईला म्हणाला.

भिकाईनं एक पाय खड्ड्यात टाकला, आणि विठोजी कोष्टी ओरडला, "थांब!" महिनाभर खाली असलेली मान त्यानं वर केली होती. तो घाटाकडे बघत होता. घाटाच्या वाटेवर धुरळा उठला होता. आधी वाटलं वावटळ असेल. पण वावटळ अशी रांगेनं येत नाही! धुरळ्यातून डोकी दिसू लागली, आणि प्रत्येक डोक्यावर काहीतरी तांबडं. दगड! पाचशेवर माणसं डोक्यावर दगड घेऊन घाट उतरत होती. मागं बैलगाड्या, गाड्यांत पोरं, म्हातारे, पोटुशा बायका. आणि सगळ्यांच्या पुढं, फाटक्या पदराची, लंगडत आणि तरीही धावत, सगुणा.

बांधावर जो आवाज उठला तो पुढच्या तीन गावांत ऐकू गेला, असं सांगतात. लोक खाली धावले नाहीत. त्यांना आपला हात सोडायचा नव्हता. ते जागेवर उभे राहून नावं घेऊन ओरडत होते, आणि वर येणारा प्रत्येक जण आपल्या नावाच्या आवाजाकडे चढत होता. दात पडलेल्या त्या तोंडात एकेक दात परत बसत होता.

म्हातारे तरी गप्प बसतात? पाचांतला एक म्हणालाच, "परमुलखातला दगड आपल्या बांधात कसा चालेल?" तोपर्यंत बापूजी महाजनांचे चार मुलगे त्यांच्या उजव्या अंगाला येऊन उभे राहिले होते. बापूजींनी धाकट्याच्या डोक्यावरचा दगड आपल्या हातांनी उतरवला, काळ्या फत्तरांत बसवला आणि त्याच्यावर हात ठेवून म्हणाले, "चालतो." मग उठून, पहिल्यांदाच, त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. देवीनं दहावा उचलला नाही. कोणालाच उचललं नाही.

जे आले नाहीत त्यांच्या हातांवर शेजाऱ्यांनी माती टाकली. तो अख्खा दिवस आणि पुढचे दोन दिवस पाट्या थांबल्या नाहीत. सगुणेसाठी खणलेल्या खड्ड्यात मात्र आधी दामूनं आपल्या पायरीचा तुकडा टाकला, आणि मग आलेल्या प्रत्येकानं आपल्या जांभ्याचा एकेक तुकडा. खड्डा काठोकाठ तांबडा झाला. त्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं, आणि बांधातून थेंब पाझरला नाही.

आणि सगुणा? ती करंजपेठेत राहिली नाही. परत जाणाऱ्यांच्या रांगेत म्हादूबरोबर तीही निघाली, आणि भिकाईलाही घेऊन गेली. विठोजीनं विचारलं, "सूनबाई, कुठं निघालीस?" तर ती म्हणाली, "बाजाराला!" आणि पुढच्या वैशाखी पुनवेला डोक्यावर जांभ्याचा दगड घेऊन ती सगळ्यांच्या आधी हजर होती, असं म्हणतात.

पुढं उदयगडही ओसरला. दरबार हलला, फौज हलली, विहिरीवरच्या रांगा संपल्या. आज तिथं करवंदीच्या जाळ्या आहेत. बांधावरची जांभ्याची ओळ एका जागी संपते आणि दुसऱ्या कुठल्यातरी शहराचा दगड सुरू होतो. शहरं अशीच भरतात, अशीच रिकामी होतात. ज्यांचा त्या वेळी तिथं पाय असतो ते तिथून एक दगड घेऊन इथं येतात.

आजही वैशाखी पुनवेला करंजपेठेच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्या माणसांच्या पिशव्या जड असतात. आणि आजही गावात नवी सून आली की तिला देवळाआधी इथं आणतात. ती सगुणेच्या हातावर, त्या लाल गोलावर उभी राहते. गावातली पाच वडीलधारी माणसं खाली उभी राहतात. ती वरून विचारते, "माणसं किती? इथं किती आणि गेलेली किती?" आणि त्यांना आकडा सांगावा लागतो, खरा, त्याच वर्षी दारोदार जाऊन मोजलेला. 'बाजाराला गेलेत' हे उत्तर चालत नाही. आकडा बरोबर येईपर्यंत सून खाली उतरत नाही.

"मागच्या वर्षी सरपंच दोन माणसं विसरले," पारूबाई पाहुण्यांना सांगते आणि अजूनही तिला हसू आवरत नाही. "माझी नातसून उभी होती वर. पुण्याच्या कॉलेजातली पोरगी. पाच म्हातारे घामाघूम, परत घरोघर पळतायत, आणि ही वर उभी. दोन तास! मी खालून म्हटलं, अगं उतर, ऊन लागेल. तर म्हणते कशी, आजी, तुम्ही पण खाली उभं राहून मोजा."

"मग?" पाहुणे विचारतात.

"मग काय," पारूबाई म्हणते, "मोजलं."